एक प्रिंटर, दहा माणसं: काउंटरची पावती आधी कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात दहा कॉम्प्युटर आहेत आणि नेटवर्कवर लेझर प्रिंटर एकच. मॅनेजरसाहेबांनी थकबाकी यादी किंवा खतावणी छापायला टाकली की काउंटरवरचे खातेदार पावतीसाठी ताटकळतात. कुणीतरी वैतागून प्रिंटरच बंद करतं आणि मग सगळ्यांचंच काम अडकतं. कॅशियरच्या प्रिंटला पहिला नंबर देता येईल का? चेअरमनसाहेबांचं म्हणणं, त्यांचीही प्रिंट आधी आली पाहिजे. नवीन प्रिंटर या वर्षी मंजूर होणार नाही. विचारणाऱ्या ताई तिथे अकाउंटंट आहेत.

ताई, नंबर देता येतो, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये ही सोय जुनी आहे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाचं पान असतं, तिथे ‘प्रायॉरिटी’ असा रकाना आहे. १ ते ९९ यातला कुठलाही आकडा तिथे टाकता येतो. १ म्हणजे सगळ्यात मागे, ९९ म्हणजे सगळ्यात पुढे. कुणी हात लावला नसेल तर सगळीकडे १ असतो, म्हणून जो आधी आला तो आधी छापला जातो.

पण तुम्ही आज संध्याकाळी जाऊन तिथे ९९ टाकलात तर उद्या सकाळी काहीही बदललेलं नसेल. मी सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात पतसंस्था, अडत दुकानं आणि कॉलेजांच्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. हा आकडा टाकून ‘काही फरक पडत नाही हो’ असं म्हणणारी ऑफिसं मला दरवर्षी भेटतात. आकडा बरोबर असतो, पण तो ज्या रांगेला लागू व्हायचा ती रांगच तिथे नसते.

तुमच्याकडे काय झालं असेल ते सांगतो. प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने प्रत्येक कॉम्प्युटरवर सीडी किंवा सेटअप चालवून प्रिंटर थेट नेटवर्क पत्त्यावर जोडला असेल. हे पटकन होतं आणि लगेच चालतंही, म्हणून नव्वद टक्के ठिकाणी असंच केलेलं असतं. पण यात दहा कॉम्प्युटरवर दहा स्वतंत्र रांगा तयार होतात. कॅशियरच्या मशीनला मॅनेजरसाहेबांच्या मशीनवर काय चाललंय याची गंधवार्ता नसते. दोघंही आपापलं काम प्रिंटरकडे ढकलतात, प्रिंटर ज्याचा हात आधी पोचेल त्याचं घेतो आणि दुसऱ्याला थांबवून ठेवतो. कॅशियरच्या मशीनवरच्या ९९ चा अर्थ एवढाच होतो की तिच्याच दोन पावत्यांमध्ये कुठली आधी. त्यामुळे आधी रांग एक करायची. ती एक झाल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

रांग एक करायची म्हणजे एका मशीनला प्रिंट सर्व्हर करायचं, सगळ्यांच्या प्रिंट त्याच्यातूनच प्रिंटरकडे जातील असं. सर्व्हर म्हटल्यावर घाबरू नका, दहा माणसांसाठी साधं विंडोज ११ प्रो असलेलं मशीन पुरतं. साध्या विंडोजला एका वेळी वीस जोडण्यांची मर्यादा आहे, तुमचं काम त्यात बसतं. मशीन कुठलं निवडायचं? जे ऑफिस उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू असतं ते. मॅनेजरसाहेबांचा लॅपटॉप नको, कारण ते जिल्हा बँकेत गेले की लॅपटॉपही जातो. कोपऱ्यात पडलेलं जुनं विंडोज १० चं मशीन वापरायचा मोह होईल, पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खातेदारांचा हिशेब जिथून जातो तिथे ते नकोच. निवडलेल्या मशीनची झोप बंद करा, म्हणजे स्लीप. ते मशीन यूपीएसवर ठेवा. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका; आतला फ्युजर, म्हणजे पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग, तापताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो.

या एका मशीनवर प्रिंटर ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट’ने जोडा. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट पुढे करतं, तो घेऊ नका, त्यात प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसण्याचे प्रकार फार होतात. प्रिंटरचा पत्ता राऊटरमध्ये कायमचा बांधून घ्या. मग बाकीच्या नऊ मशीनवरून थेट जोडलेला प्रिंटर काढून टाका आणि सर्व्हरवरून शेअर केलेलाच जोडा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण एक जरी मशीन थेट जोडलेलं राहिलं तर ते रांगेच्या बाहेरून घुसत राहणार. शक्य असेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानावर जाऊन ‘फक्त या एका पत्त्यावरूनच काम स्वीकार’ असं लावून टाका. ऑफिसमधल्या बऱ्याच प्रिंटरना ही सोय असते. मग कुणाच्या भाच्याने येऊन पुन्हा सेटअप चालवला तरी चालत नाही.

जोडताना दोन अडथळे येतील, ते आधीच सांगून ठेवतो. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट सेवेत ‘प्रिंटनाईटमेअर’ नावाची मोठी सुरक्षा-त्रुटी सापडली. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने असं केलं की शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर साध्या युजरला टाकताच येत नाही, अ‍ॅडमिन लागतो. त्यामुळे प्रत्येक मशीनवर एकदा अ‍ॅडमिन म्हणून बसून ड्रायव्हर टाकून घ्या. दुसरं, जोडताना ‘११बी’ने संपणारी एरर आली तर यूट्यूबवर रजिस्ट्रीतला एक आकडा शून्य करायचा उपाय दिसेल. त्याने काम होतं, पण जे कुलूप लावलं तेच काढल्यासारखं होतं. दोन्हीकडची मशीनं पूर्ण अपडेट करा आणि ड्रायव्हर दोन्हीकडे एकच ठेवा.

आता रांग एक झाली. इथून पुढे खरी गंमत आहे.

विंडोजमध्ये एका प्रिंटरची दोन-तीन नावं करता येतात. यंत्र एकच, पोर्ट एकच, ड्रायव्हर एकच, पण नावं वेगळी आणि प्रत्येक नावाचा नंबर वेगळा. ‘अ‍ॅड प्रिंटर’मध्ये जाऊन ‘मला हवा तो प्रिंटर यादीत नाही’ हा पर्याय घ्या, मग हाताने जोडायचा लोकल प्रिंटर, मग आधीपासून असलेला पोर्ट आणि आधीपासून असलेला ड्रायव्हर. तुमच्यासाठी मी तीन नावं सुचवीन: ‘काउंटर’, ‘ऑफिस’ आणि ‘रिपोर्ट’. काउंटरला ७०, ऑफिसला ४०, रिपोर्टला १०. आकडे अगदी असेच हवेत असं नाही, मध्ये फट ठेवायची एवढंच. उद्या एखादं नवं नाव मध्ये घालावं लागलं तर जागा राहते. ९९ कुणालाच देऊ नका, तो अडीनडीला राखून ठेवा.

एक गोंधळ हमखास होतो. एकाच यंत्राची तीन नावं केली की जुन्या ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’ खिडकीत विंडोज ती एकाच चित्राखाली गोळा करतं आणि तुम्हाला वाटतं की बाकीची दोन गेली कुठे. ती गेलेली नसतात. त्या चित्रावर उजवं बटण दाबलं की ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या पुढे बाण येतो आणि तिन्ही नावं दिसतात. विंडोज ११ च्या सेटिंग्जमधल्या यादीत ती वेगवेगळी दिसतात.

प्रत्येक माणसाला कुठल्या नावावरून छापता यावं हे ‘सिक्युरिटी’ पानावर ठरतं. तिथे सुरुवातीला ‘एव्हरीवन’ला छापायची परवानगी असते. ‘काउंटर’ या नावावरून ‘एव्हरीवन’ काढा आणि कॅशियर, पासिंग ऑफिसर, पावती करणारी दोघं यांचा गट करून त्यांनाच परवानगी द्या. नाहीतर काय होतं? पंधरा दिवसांत सगळ्यांना कळतं की ‘काउंटर’वर टाकलं की लवकर येतं, मग वसुली विभागही नोटिसा तिथूनच काढायला लागतो आणि आपण होतो तिथेच येऊन पोचतो.

इथेच पतसंस्थांमधली नेहमीची खोड आडवी येते. सगळ्या मशीनवर एकच युजर, नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड रिकामा. मग परवानगी कुणाला द्यायची आणि कुणाची काढायची? रांगेच्या खिडकीत ‘ओनर’ रकान्यात वरपासून खालपर्यंत अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. मॅनेजरसाहेबांची यादी कुठली आणि वसुलीची कुठली हे कळायला कागद बाहेर यायची वाट बघावी लागते. प्रत्येकाच्या नावाचा युजर करा आणि सर्व्हर मशीनवरही तेच नाव, तोच पासवर्ड ठेवा. डोमेन वगैरेची गरज नाही. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो, पण याच्याशिवाय प्राधान्याचा सगळा डोलारा कागदावरच राहतो.

हे सगळं झालं तरी तुमचा मूळ त्रास निम्माच सुटलेला असेल. विंडोजमधलं प्राधान्य फक्त थांबलेल्या कामांना लागू होतं. जे काम छापायला सुरू झालं ते सुरू झालं, ९९ वालाही त्याला मध्येच थांबवत नाही. तुमच्या ऑफिसातली सकाळची रांग मी न बघताच सांगू शकतो. खिडकी उघडली की पहिल्या ओळीत थकबाकी यादी, पानं ४१२, स्थिती ‘प्रिंटिंग’. तिच्याखाली एक पानाची पावती, एक पानाची पावती, दोन पानांचा खातेउतारा, पुन्हा पावती. वरची यादी ज्या क्षणी सुरू झाली त्या क्षणी काउंटरवर कुणीच नव्हतं, त्यामुळे तिला अडवणारं कुणी नव्हतं. आता पावत्यांना कितीही मोठा नंबर द्या, ४१२ पानं संपेपर्यंत त्या हलणार नाहीत. मिनिटाला वीस पानांचा प्रिंटर धरला तर वीस मिनिटांच्या वर गेली, आणि मध्ये कागद संपला तर तेवढा वेळ वेगळाच.

म्हणून पावतीचा नंबर वाढवण्यापेक्षा मोठ्या कामाला शिस्त लावणं जास्त उपयोगाचं. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, तुकडे. चारशे पानांची यादी एकदम न टाकता चाळीस-चाळीस पानांच्या दहा भागांत टाकायची, सगळी ‘रिपोर्ट’ नावावरून. आता प्रत्येक चाळीस पानांनंतर विंडोज पुन्हा रांगेकडे बघतं आणि पावती थांबलेली असेल तर आधी तिला सोडतं. पावतीला जास्तीत जास्त दोन मिनिटं थांबावं लागतं. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा शाखेनुसार किंवा खाते क्रमांकाच्या टप्प्यानुसार यादी काढता येते, तेच तुकडे. नसेल तर पीडीएफ करा आणि पानांची हद्द देऊन छापा. मॅनेजरसाहेब आधी कुरकुर करतील, पण एखादं पान अडकून फाटलं तर सगळी यादी पुन्हा काढावी लागत नाही हे पाहिलं की गप्प बसतात.

दुसरा, वेळ. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर प्रायॉरिटीच्या वरच ‘अव्हेलेबल फ्रॉम’ आहे. एखाद्या नावाला सांगता येतं की संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ एवढ्याच वेळात छाप. दिवसभरात कुणीही त्या नावावर काम टाकलं तरी ते रांगेत बसून राहतं आणि वेळ झाली की सुटतं. महिनाअखेरीची खतावणी, तेरीज, एनपीए यादी यासाठी हे उत्तम. पण तुमच्याकडे पिग्मी असणार. संध्याकाळी एजंट मशीन घेऊन येतात, त्यांचा भरणा, त्याच वेळी रोजकीर्द बंद करायची घाई, आणि बरोबर सहाला खतावणी सुटली तर नवी पंचाईत. म्हणून तुमच्यासाठी साडेसातनंतरची वेळ धरा. आणि ट्रेचा विचार करा: साध्या ऑफिस प्रिंटरच्या ट्रेमध्ये सहसा अडीचशे कागद बसतात. रात्री चारशे पानं एकतर्फी सोडली तर सकाळी येऊन बघाल तेव्हा प्रिंटर दिवा मिचकावत उभा आणि काउंटरचं पहिलं काम त्याच्यामागे अडकलेलं. दोन्ही बाजूंनी छापा, किंवा त्या रात्री ट्रेमध्ये बसतील एवढेच तुकडे ठेवा. थकबाकीदारांची नावं छापलेले कागद रात्रभर उघड्यावर पडणार असतील तर हा मार्ग वापरूच नका.

मार्केट यार्डात हे लोकांना आपोआप कळतं. हळदीच्या हंगामात सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी हातात हवी असते, त्याची गाडी बाहेर उभी असते. तिथे दिवाणजी दुपारी दोन वाजता खतावणी छापायला टाकत नाहीत, कारण टाकली तर मालक गादीवरून उठून येतात. पतसंस्थेत खातेदार बिचारे गप्प बसतात, म्हणून कुणाला घाई वाटत नाही.

आता त्याच पानावरच्या दोन छोट्या खुणा. ‘शेवटचं पान रांगेत आल्यावर छपाई सुरू कर’ ही खूण ‘रिपोर्ट’ नावावर करा. नाहीतर सॉफ्टवेअर यादी तयार करत असतानाच पहिलं पान छापायला जातं, मग सॉफ्टवेअर मध्येच विचार करत बसलं की प्रिंटरही त्याची वाट बघत बसतो आणि बाकीचे त्या दोघांची. दुसरी, ‘जुळत नसलेली कामं बाजूला ठेव’ अशा अर्थाची. कर्जाचे कागद लीगल साइजवर, बाकी सगळं ए-फोरवर, आणि एखादं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या सवयीने लेटर साइज मागतं. तो कागद ट्रेमध्ये नसतो, प्रिंटर ‘लोड लेटर’ म्हणून थांबतो आणि सगळी रांग गोठते. तिथे प्राधान्य काय करणार? ही खूण केली की न जुळणारं काम बाजूला थांबतं आणि मागची कामं पुढे जातात. शिवाय प्रत्येक मशीनवर कागद ए-फोर आहे का हे एकदा फिरून बघा. अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

‘छापायला तयार असलेलं काम आधी’ अशी एक खूण बहुधा आधीच केलेली असते. ती चालू असताना पूर्ण रांगेत आलेलं कमी नंबरचं काम अर्धवट आलेल्या जास्त नंबरच्या कामाच्या आधी जाऊ शकतं. म्हणजे ‘काउंटर’चं काम मागे पडलेलं दिसलं तर लगेच आकड्यांवर शंका घेऊ नका, ते काम अजून ‘स्पूलिंग’ दाखवतंय का, म्हणजे अजून रांगेत पूर्ण उतरायचं आहे का, ते बघा.

तुमच्या संस्थेत जुनं डॉस किंवा फॉक्सप्रोवरचं सॉफ्टवेअर अजून चालत असेल तर ते प्रिंटरचं नाव विचारत नाही, थेट एलपीटी-१ ला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टला, पाठवतं. ‘नेट यूज’ या आज्ञेने काउंटरच्या मशीनवरचा एलपीटी-१ सर्व्हरच्या ‘काउंटर’ नावाला जोडून ठेवता येतो. मग त्या कामालाही ७० नंबर लागतो. फक्त हे बघा की सॉफ्टवेअर पावती झाल्यावर पोर्ट सोडतंय, नाहीतर काम ‘स्पूलिंग’मध्ये अडकून राहतं. पासबुक प्रिंटर वेगळा असेल तर त्याला या सगळ्यातून बाहेरच ठेवा.

कुणीतरी वैतागून प्रिंटर बंद करतं, त्याचं काय? ते थांबवायचं तर सुरू झालेलं मोठं काम थांबवण्याचा रीतसर मार्ग हाताशी असला पाहिजे. रांगेतली सगळ्यांची कामं थांबवणं, काढणं, त्यांचा नंबर बदलणं हे ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’ या परवानगीत येतं. ही दोघांनाच द्या: तुम्हाला आणि कॅशियरला. खरंच अडलं तर चालू यादी रांगेतून रद्द करायची, ट्रेवर आलेलं शेवटचं पान बघायचं आणि पुढच्या पानापासून पुन्हा टाकायची. प्रिंटरच्या पोटात गेलेली दोन-चार पानं तरीही येतील, ती येऊ द्यायची.

कधीकधी रद्द केलेलं काम ‘डिलीटिंग’ म्हणून तिथेच चिकटून बसतं. मग सर्व्हर मशीनवर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट स्टॉप स्पूलर’ आणि मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. स्पूलर म्हणजे ही रांग सांभाळणारी विंडोजची सेवा. आधी एवढंच करा. यात थांबलेल्या पावत्या शाबूत राहतात. इंटरनेटवर सगळे सांगतात की विंडोजच्या सिस्टम-३२ मधल्या स्पूल फोल्डरात जाऊन ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामं करा. ते केलं की सगळ्यांचं सगळं जातं, म्हणून तो शेवटचा उपाय. स्पूलर पुन्हा सुरू केल्यावर एखादी पावती दुसऱ्यांदा येऊ शकते, ती फेकून न देता ‘रद्द’चा शिक्का मारून फाइलला लावा. एकाच नंबरच्या दोन पावत्या बाहेर फिरल्या तर लेखापरीक्षक प्रिंटरची कहाणी ऐकून घेणार नाहीत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे लिनक्सचा सर्व्हर असेल, कॉलेजांमध्ये असतो, तर तिथे छपाईची रांग सांभाळायचं काम ‘कप्स’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. तिथे आकडे १ ते १०० आणि न सांगता ५०. पण एक फरक लक्षात ठेवा. विंडोजसारखी एका यंत्राची तीन नावं करून तिथे हवा तो परिणाम मिळत नाही, कारण प्रत्येक नावाची रांग स्वतंत्र राहते. नाव एकच ठेवायचं आणि काम टाकताना ‘एलपी’ आज्ञेला ‘-क्यू’ लावून आकडा द्यायचा. टाकून झालेल्या कामाचाही आकडा त्याच आज्ञेने बदलता येतो. रात्रीसाठी काम राखून ठेवायचं तर ‘-एच’ लावून वेळ द्यायची, आणि तिथे फसू नका: ती वेळ ग्रीनिचची धरली जाते, आपली नव्हे. रात्री दहाला छापायचं असेल तर १६:३० लिहायचं. २२:०० लिहिलंत तर काम पहाटे साडेतीनला सुटतं.

कप्समध्ये अडचण अशी की काम टाकतानाच ज्याला हवं तो १०० लिहू शकतो. चार पोरांना हे कळलं की १०० ला काही किंमत उरत नाही. बर्कलेच्या जुन्या युनिक्समध्ये ‘टॉपक्यू’ नावाची आज्ञा होती, एखादं काम उचलून रांगेच्या डोक्यावर ठेवायची, पण ती वापरायचा हक्क यंत्र सांभाळणाऱ्याकडे असायचा. ती जुनी पद्धत मला जास्त आवडते. कप्समध्ये निदान माणशी पानांची मर्यादा लावता येते. ठरावीक मुदतीत एवढीच पानं. लॅबमध्ये आकड्यांच्या खेळापेक्षा तेच जास्त चालतं.

विंडोज असो की कप्स, बराच वेळ थांबलं म्हणून कामाचा नंबर आपोआप वाढत नाही. बाजाराच्या दिवशी काउंटरवर सतत पावत्या येत राहिल्या तर ‘रिपोर्ट’चं काम संध्याकाळपर्यंत तसंच बसून राहील. मॅनेजरसाहेबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील प्रिंटर बिघडला. खरंच तातडीचं असेल, निबंधक कार्यालयातून माणूस येऊन बसलाय असं काही, तर रांगेत त्या एका कामावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि तेवढ्याच कामाचा आकडा वाढवा. त्यासाठीच ९९ राखून ठेवला होता.

चेअरमनसाहेबांचं. माझं स्पष्ट मत, प्राधान्य कामाला द्यावं, खुर्चीला देऊ नये. चेअरमनची प्रिंट म्हणजे काय असतं? सभेची विषयपत्रिका, एखादं पत्र, क्वचित अहवालाचा मसुदा. पत्र एक पानाचं असेल तर ‘ऑफिस’वरून, म्हणजे ४० वरून, ते तसंही लगेच येतं, कारण मोठी कामं आता १० वर आणि तुकड्यांत आहेत. साहेबांच्या नावाला ९० दिला आणि त्यांनी वार्षिक सभेआधी अहवालाच्या शंभर प्रती तिथून काढायला सांगितल्या, तर काउंटर पुन्हा बंद. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, त्यामुळे हा प्रसंग दरवर्षी येणारच. त्यांना हे तोंडावर सांगणं तुम्हाला अवघड आहे हे मला कळतं. सोपा मार्ग, ‘अध्यक्ष’ नावाचं चौथं नाव करा, ४५ नंबर द्या आणि त्यांच्या मशीनवर तेच डीफॉल्ट ठेवा. स्वतंत्र नाव दिसलं की समाधान होतं, आणि पावती तरीही पुढेच राहते. सगळ्या मशीनवर ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोज ठरवेल’ ही खूण मात्र बंद करा. ती चालू असेल तर शेवटी जे नाव वापरलं तेच डीफॉल्ट होऊन बसतं, आणि कॅशियरची पावती नकळत ‘रिपोर्ट’वर जाते.

नवीन प्रिंटर मंजूर होत नाही म्हणता, तर संचालक मंडळापुढे पुरावा ठेवा. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘प्रिंट-सर्व्हिस’खाली ‘ऑपरेशनल’ नावाची नोंदवही असते, मुळात बंद असते, ती सुरू करा. मग छापलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद होते: कुणी, केव्हा, कुठल्या नावावरून, किती पानं. महिनाभराच्या नोंदी एक्सेलमध्ये घ्या आणि सकाळी अकरा ते दोन या वेळात एकूण किती पानं जातात ते काढा. तेवढी पानं प्रिंटरच्या वेगात बसतच नसतील तर नंबरांची कितीही मांडणी केलीत तरी कुणीतरी थांबणारच, आणि मग काउंटरसाठी एक छोटा स्वतंत्र प्रिंटर हाच उपाय. बसत असतील तर मंडळाचं बरोबर आहे, प्रिंटर नको.

हे सगळं मार्चमध्ये करू नका. सुट्टीचा दिवस धरा आणि बदल झाल्यावर तिथेच तपासा. प्रिंटरची नेटवर्क केबल काढा. मग ‘रिपोर्ट’वर एक दहा पानांची फाइल टाका, तिच्यामागे ‘ऑफिस’वर एक आणि सगळ्यात शेवटी ‘काउंटर’वर एक. केबल लावा आणि बघा. आधी ‘रिपोर्ट’ येईल, कारण ते सुरू झालेलं होतं, मग ‘काउंटर’ आणि मग ‘ऑफिस’. असा क्रम आला तर जमलं. ‘ऑफिस’ आधी आलं तर ते काम टाकलेलं मशीन अजून थेट जोडलेलं आहे का ते पहिल्यांदा बघा. चाचणीसाठी नोटपॅडची फाइल वापरा, सॉफ्टवेअरमधून खरी पावती काढू नका. तिचा नंबर रोजकीर्दीला लागतो आणि सोमवारी तुम्हालाच तो रद्द करत बसावं लागेल.